शेवटच्या रांगेतले सेक्रेटरी

मी चौथीच्या वर्गाला नद्या शिकवत होते. शाळेच्या आवाराच्या पार टोकाला, कडुलिंबाखाली, एक वयस्कर गृहस्थ उभे होते. थंडीचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि यांच्या हातात काळी छत्री. मी वाक्य सुरू केलं की ते छत्री मिटत. वाक्य संपत आलं की उघडत. पुन्हा मिटत, पुन्हा उघडत. मुलं फळ्याकडे बघायचं सोडून खिडकीतून तिकडेच बघायला लागली. लग्न होऊन मी त्या गावात आले त्याला जेमतेम महिना झाला होता आणि शाळेत रुजू होऊन आठवडा. मला वाटलं, असेल गावातला कोणी भ्रमिष्ट.

मधल्या सुट्टीत हे गृहस्थ सरळ वर्गात आले. पांढरा पायजमा, खाकी शर्ट, पायात जाड तळाचे काळे बूट. छत्री बगलेत मारून म्हणाले, "बाई, आवाज चांगला हाये तुमचा. पन वाक्य सरता सरता बसते. वैनगंगा भेटली मले. ते कोठी जाऊन मिळते, ते काई भेटलं नाई."

'ऐकू येणे' याला ते 'भेटणे' म्हणत, हे मला नंतर कळलं. 

"कोठी मिळते?" त्यांनी दरडावून विचारलं.

"वर्धेला," मी घाबरून जरा मोठ्यानं म्हणाले.

"हां! आता भेटलं. असंच बोलत जा." आणि दारातून वळून म्हणाले, "नाटकात काम करसान का?"

सगळं गाव त्यांना सेक्रेटरी म्हणे. तुमसरच्या पुढे चिखल्याला मँगनीजची खाण आहे, तिथं जमिनीखाली सुरुंग उडवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. डावा कान पूर्ण गेलेला, उजवा निम्मा शिल्लक. रिटायर होऊन ते आपल्या गावी परत आले, तळ्याच्या अंगाच्या बौद्ध वस्तीत जुनं घर नीटनेटकं केलं आणि आठवड्याभरात कंटाळले. गावात एक कलाभवन होतं. कलाभवन म्हणजे बंद पडलेल्या सोसायटीचं धानाचं गोदाम. एका टोकाला विटांचा ओटा बांधून त्याला स्टेज केलेलं, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवसांत तिथं नाटकं होत, लोकांनी गोल बसून बघायची दंडार होई, एरवी कुत्री झोपत. कमिटी होती, पण अध्यक्ष सोडून बाकी कुणाला काही काम करायचं नव्हतं, आणि अध्यक्षांनाही अध्यक्ष असण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. त्यांची राईस मिल होती. त्यांनी यांना विचारलं, भवनावर चौकीदार म्हणून राहता का? हे लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी भवनाच्या दारावर चुन्यानं ठळक अक्षरांत लिहिलेलं आढळलं: 'सेक्रेटरी यांना भेटल्याशिवाय आत जाऊ नये.' सेक्रेटरी कोण, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा यांनी छातीला हात लावला. चौकीदाराचं काम ते करतच होते, तेव्हा बिरुदावरून भांडायला कुणाला सवड नव्हती.

पहिल्याच हंगामात त्यांनी आपला नियम लावून दिला. खेळ सुरू झाला की सेक्रेटरी शेवटच्या रांगेत मधोमध बसणार. स्टेजवरचा शब्द तिथं पोचला नाही की छत्री उघडणार. अंधाऱ्या गर्दीच्या मागं ती काळी छत्री वटवाघळासारखी पसरली की भल्याभल्या नटांना घाम फुटे. लाऊडस्पीकर लावा म्हटलं तर म्हणत, "भोंगा बोलते मंग, मानूस नाई बोलत. मले मानूस आयकाचा हाये." आणि "मले भेटलं म्हणजे समद्यायले भेटलं," हा त्यांचा हिशेब. त्यात चूक काढणं अवघड होतं.

बाहेरगावची एक नाटक मंडळी आली होती. नायक शेवटच्या अंकात विष पिऊन मरतो. मरताना माणसाचा आवाज खोल जाणारच. त्याचं अखेरचं वाक्य सुरू झालं आणि मागं छत्री उघडली. बिचारा डोळे मिटायच्या बेतात होता, त्यानं ती पाहिली. मेलेला उठून बसला, तेच वाक्य खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाला आणि परत मेला. टाळ्या अशा पडल्या की मंडळींनी पुढच्या गावी तो प्रसंग तसाच ठेवला म्हणतात.

कान गेलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे हे कळत नाही. सेक्रेटरींना कुजबुजता येत नसे. ते कुणाला बाजूला घेऊन, तोंडावर आडवा हात धरून काही गुपित सांगू लागले की अर्धा बाजार थांबून ऐके. एकदा अड्याळच्या बाजारात त्यांनी आमच्या हेडमास्तरांना असं बाजूला घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पँटीची शिवन उसवली हाये, कोनाले सांगू नका." हेडमास्तर त्यानंतर दोन बाजार अड्याळला गेले नाहीत. घरी जेवायला बोलवायचं तर त्यांच्या बायको अंगणात उभ्या राहून पितळी ताटावर पळी बडवत. त्या ठोक्यावर वस्तीतले बाकीचे पुरुषही वावरातून घरी निघत.

नाटकात काम करसान का, या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नव्हतं. देण्यासारखंही नव्हतं. त्या काळी आमच्याकडे नाटकात बायांची कामं बाहेरून आणलेल्या नट्या करत, नाहीतर मिशा काढलेले पुरुष. गावातल्या सुनेनं स्टेजवर चढणं हे मनातही येण्यासारखं नव्हतं. भंडाऱ्याला माहेरी असताना मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोनदा काम केलं होतं. ते मी सासरी कुणालाही सांगितलं नव्हतं. पण सेक्रेटरींना तो प्रश्न विचारल्यापासून उत्तर हवं होतं. एका रविवारी सकाळी ते घरी आले. आमचे हे पाटबंधारे खात्यात नोकरीला, ते दौऱ्यावर गेलेले. सासूबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. सेक्रेटरी त्यांच्या जवळ गेले, तोंडावर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाले, "तुमच्या सुनेले नाटकात घ्याचं म्हणतो!"

समोरच्या घरातली बाई बाहेर आली. शेजारची भिंतीवरून वाकली. विहिरीवरच्या दोघी दोर हातात तसाच धरून थांबल्या.

"अवो, गावभर करता का?" सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"काय म्हणता?"

"गावभर काहून करून राहिले, म्हणतो!"

आता सासूबाईही ओरडत होत्या. दोघांचं अर्धा तास असं 'गुपचूप' बोलणं झालं. नाटक कुणाचं आहे, त्यात काय आहे, बाजूला कोण राहणार, सून कुणाच्या हाताला हात लावणार का, सगळं. नाटक आमच्याच हेडमास्तरांनी लिहिलेलं होतं, घरातून बाहेर काढलेल्या मोठ्या सुनेचं. सासूबाईंनी शेवटी दोन अटी घातल्या. "मी सोता येऊन पाहीन. अन् काई वावगं दिसलं तं स्टेजवरून हात धरून घरी आनीन."

"या ना. पन जागा चिठ्ठीनं भेटंन, सांगून ठेवतो," सेक्रेटरी म्हणाले.

जागा चिठ्ठीनं, हे काय प्रकरण, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हा ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

त्याआधीच त्यांनी आणखी एक वेडेपणा सुरू केला होता. खेळ रात्रीचे असत. बायका येत त्या थोड्या, आणि मांडीवर झोपलेली पोरं सावरता सावरता त्यांचं नाटक बुडे. सेक्रेटरींनी एक खेळ दुपारी तीनला लावला. खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला. गावात हसू झालं. नाटक काय दुपारचं बघतात? पुरुष मुद्दाम पारावर बसून टिंगल करत राहिले. आत अडीचशे बायका होत्या. तासाभरानं आतून हसण्याचा असा लोट आला की पारावरचे एकेक उठून दाराशी गेले. सेक्रेटरींनी त्यांना आत घेतलं नाही. "तुमचा खेळ राती हाये," म्हणाले.

आमच्या नाटकाची तालीम संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. मला कामात एक वाक्य हळूच, स्वतःशी म्हणायचं होतं: 'या उंबऱ्याला मी परकी नव्हते.' मी हळूच म्हणे आणि मागं छत्री उघडे. मोठ्यानं म्हणे तर सेक्रेटरी तिथूनच ओरडत, "भांडून नोका राहू! हळूच म्हना! पन मले भेटलं पायजे!" हळूच म्हणा आणि पोचवा. मी आठ दिवस रडकुंडीला आले. मग एकदा ते वाक्य नीट गेलं. कसं गेलं ते मला सांगता येणार नाही. घशातून नाही, पोटातून निघालं, एवढंच. छत्री मिटलेलीच राहिली. मागून नुसतं होकाराचं "हाव" ऐकू आलं.

आणि त्याच सुमाराला भवनाचं छप्पर गेलं.

माकडांनी नेलं, म्हणायला हरकत नाही. पन्नासेक माकडांची टोळी आमराईतून निघून भवनावर यायची आणि कवेलू उचलून खाली कीड शोधायची. सापडली नाही की कवेलू फेकून द्यायची. सेक्रेटरींनी फटाके आणून पाहिले. तीस वर्षं सुरुंग उडवलेला माणूस, त्याला बारीक फटाका काय भेटणार? त्यांना वाटे उडालाच नाही, म्हणून ते दुसरा लावत. माकडं दुसऱ्या दिवशी परत येत, नव्या उमेदीनं. शेवटी पंचायत समितीकडून टिनाचे पत्रे मंजूर झाले. सभापती स्वतः उद्घाटनाला येणार असं ठरलं आणि उद्घाटनाचा खेळ म्हणजे आमचं नाटक.

अध्यक्षांनी बैठक घेतली. मीही होते, नटमंडळींतर्फे. अध्यक्ष भला माणूस, पण वडिलांवर त्यांचा फार जीव. म्हणाले, "पहिली लाईन मी देतो. गादीच्या खुर्च्या. मागं आमच्या बाबाजीचं नाव टाकू. सभापती, डॉक्टर, पाटील, असे प्रतिष्ठित लोक तठी बसतीन. बाकीच्यायले सतरंजी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी छताकडे बघत होते.

"सेक्रेटरी, तुमचं काय मत?"

उत्तर नाही. अध्यक्षांनी आवाज चढवला. उत्तर नाही. शेजाऱ्यानं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तेच सांगितलं. सेक्रेटरींनी खेदानं मान हलवली. "आज उजवाबी बंद हाये," म्हणाले. दोन वेळा बैठक झाली, दोन्ही वेळा गादीच्या खुर्च्यांचा विषय निघाला की उजवा कान बंद. चहा आला की उघडे.

दुसऱ्या बैठकीनंतर आम्ही एकाच वाटेनं घरी निघालो. मी म्हटलं, "सेक्रेटरी, समोर चार खुर्च्या ठेवल्या तर काय बिघडतं? तुम्ही तसेही मागेच बसता."

थोडं चालल्यावर ते म्हणाले, "बाई, मी लहान असताना इथी भवन नोयतं. मैदानात नाटक होये. आमी तिकळे, गाड्यायच्या मागं उभे राहो. तठपर्यंतच येऊ देत. दिसे समदं. राजा दिसे, रानी दिसे, तलवार दिसे. आयकू काईच नाई ये. घरी गेलो का माय पुसे, काय झालं रे नाटकात? मंग मी मनानंच सांगो. राजा असा म्हने, रानी तशी म्हने. माय बी रडे आयकून. लय वर्सानं तेच नाटक आमच्या खानीच्या कालनीत आलं. पयल्या लाईनीत बसून आयकलं." ते हसायला लागले. "समदं उलटंच होतं, बाई! ज्याले मी चोर म्हनो तो तिचा भाऊ निंगाला!"

मीही हसले. हसता हसता ते म्हणाले, "पन माह्यं चांगलं होतं. त्यायच्या नाटकात माय रडली नसती."

त्यांचं घर आलं होतं, आणि अंगणात ताट वाजायला लागलं होतं.

टीन बसले. लखलखीत, नवे. दुरून भवन ताटासारखं चमके. पहिल्या दिवशी आम्ही आत जाऊन तालीम सुरू केली आणि सगळे घाबरून थांबलो. एक शब्द टाकला की तो टिनावर आपटून चारदा परत येई. मी 'आई' म्हटलं तर चार आया उत्तर देत. सेक्रेटरी मागं बसलेले. त्यांनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि मग ती उघडीच जमिनीवर ठेवून डोकं धरून बसले. उद्घाटनाला बारा दिवस होते.

दोन दिवस ते एकटेच भवनात फिरत, टाळी वाजवत, थांबत. तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गात आले. "बाई, खानीत एका जागी आवाज घुमे नाई. तठी रिकामे पोते थप्पी लावून ठेवले राहत. बारदाना पायजे. टिनाच्या खाली समदीकळे बारदाना टांगला का आवाज मरते."

"किती लागेल?"

"पाचशे तं पायजे."

गावात पाचशे पोती एकाच माणसाकडे होती. अध्यक्षांकडे. आणि गादीच्या खुर्च्यांवरून सेक्रेटरींनी त्यांनाच दोनदा बहिरेपण दाखवलं होतं. तरी ते गेले. सोबत मला नेलं, कारण बाईमाणसासमोर अध्यक्ष शिव्या देत नसत.

मिलच्या ओसरीवर अध्यक्ष पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. सेक्रेटरींनी सगळं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बारदाना देतो. पन मंग पहिल्या लाईनीच्या खुर्च्या अन् बाबाजीचं नाव. बोला, आज कान चालू हाये का?"

"चालू हाये," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचं लक्ष थप्पीकडे होतं. त्यांनी उठून एक पोतं ओढलं आणि अध्यक्षांसमोर पसरलं. "हे काय लिवलं हाये?"

पोत्यावर निळ्या शाईत मिलचं नाव छापलेलं होतं. मिल वडिलांच्याच नावाची.

"खुर्च्या चार-सहा," सेक्रेटरी म्हणाले. "त्याच्यावर मानूस टेकला का नाव झाकते. हे पाचशे पोते वर टांगले, का पाचशे खेपा तुमच्या बाबाजीचं नाव. मान वर केली का बाबाजी. झाकाची सोय नाई."

अध्यक्षांनी पोतं जवळ ओढून त्या नावावरून बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय काय येऊन गेलं ते मला अजून आठवतं. शेवटी म्हणाले, "अक्षरं सरळ आली पायजे. उलटं पोतं एकबी नाई."

पुढचे आठ दिवस गाव पोती शिवत होतं. भवनात, पारावर, आमच्या अंगणात. सुतळी आणि दाभण घेऊन बायका बसत, पुरुष शिवलेले पडदे टांगत. तळ्याकडच्या वस्तीतल्या बायका आमच्या अंगणात आल्या तेव्हा सासूबाईंनी क्षणभर मला आत बोलावलं. मला वाटलं, आता काही बोलणार. त्या म्हणाल्या, "दाभन कमी हाये. शेजारून आन." एवढंच. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्यांत मोठ्यानं बोलणाऱ्या त्याच होत्या. अध्यक्ष रोज येऊन मान वर करून अक्षरं तपासत. "गोदामाचं पुन्हा गोदाम केलं," असं पारावरचे म्हणाले, पण शिवायला तेही बसले.

उद्घाटन दुपारी तीनला. दारात सेक्रेटरी मातीचं मडकं घेऊन उभे. आत येणाऱ्या प्रत्येकानं त्यातून चिठ्ठी काढायची. जो आकडा निघेल त्या जागी बसायचं. डॉक्टरांना मधली रांग निघाली, मुकाट्यानं जाऊन बसले. सासूबाईंना पहिली रांग, अगदी मधली जागा. त्या दोन वेळा विचारून आल्या, चुकलं तर नाही? अध्यक्षांना सातवी, ते म्हणाले, "हरकत नाई, सातवीतून वरचं चांगलं दिसते." मग सभापतींची जीप आली. हार, पेढे, नमस्कार. सेक्रेटरींनी मडकं पुढे केलं. अध्यक्षांनी त्यांचा दंड धरला. "अवो, सभापती हायेत!"

"मंग काय? त्यायले हात नाई का?"

पुढच्या वर्षीचं सगळं, दरवाजे, पंखे, संडास, या एका माणसावर अवलंबून होतं. सभापतींनी मडक्यात हात घातला, चिठ्ठी उघडली आणि वाचली. शेवटची रांग.

त्यांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरीबी मले मागंच बसवतेत. चाला."

आणि शेवटच्या रांगेत जाऊन सेक्रेटरींच्या शेजारी सतरंजीवर बसले. अध्यक्षांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं.

नाटक सुरू झालं. पोत्यांनी आवाज असा धरला की मी स्वतःच चकित झाले. शब्द जाई आणि जाऊन तिथं थांबे. पहिला अंक झाला, दुसरा निम्मा झाला. आणि मग टिनावर एक टपोरा थेंब पडला. अवकाळी पाऊस. धान कापून झालेलं, कुणाच्या ध्यानीमनी नाही, आणि पाच मिनिटांत असा कोसळला की पोत्यांचंही काही चालेना. मी बोलत होते आणि मला स्वतःला ऐकू येत नव्हतं. मागं छत्री उघडली. माझं ते हळूच म्हणायचं वाक्य आलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ते म्हटलं. पहिल्या रांगेपर्यंत पोचलं असेल.

पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता हात धरून घरी नेणार. त्या लोकांकडे वळल्या आणि ओरडल्या, "म्हने, या उंबऱ्याले मी परकी नोयती!"

तिसऱ्या रांगेतल्या कुणीतरी ते मागं सांगितलं. सातवीतून अध्यक्षांनी पुढं ढकललं. तीनचार वाक्यं अशी रांगेरांगेनं मागं गेली आणि मागून सभापतींचा आवाज आला, "भाकरी काहून करपली म्हने?"

सगळं भवन हसलं. स्टेजवर मीही हसले, घरातून काढलेली सून असूनही. मग सेक्रेटरी उभे राहिले. छत्री मिटली. "असं नाई जमत!" ते गरजले, पावसाच्या वर आवाज काढू शकेल असा त्या भवनात तो एकच माणूस होता. "उठा! समदे समोर या! नटायनो, तुमी खाली उतरा! दंडारीसारखं करू!"

लोक उठले. सतरंज्या गोळा झाल्या. आम्ही स्टेजवरून उतरून मधोमध उभे राहिलो आणि चारी बाजूंनी लोक आम्हाला लागून बसले. सभापती अध्यक्षांच्या मांडीला मांडी लावून. वस्तीतल्या बायका सासूबाईंच्या भोवती, एकीचं पोरगं त्यांच्या मांडीवर. रांग अशी काही राहिलीच नाही. सेक्रेटरी माझ्यापासून दोन हातांवर उकिडवे बसले, उजवा कान पुढे करून. तिसरा अंक आम्ही असा केला की प्रत्येक शब्द कुणाच्या तरी तोंडावर पडत होता. ते वाक्य मी पुन्हा म्हटलं, या वेळी हळूच. सासूबाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "ते माही सून हाये."

पंखे पुढच्या वर्षी आले. संडासही.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं सेक्रेटरींनी भवन चालवलं आणि एका हिवाळ्यात उजवा कानही पूर्ण गेला. त्यांनी काम सोडलं. बँकेतला एक तरुण क्लार्क सेक्रेटरी झाला. आम्हाला वाटलं, आता हे काही येणार नाहीत. त्या मंडईला आमचं नवं नाटक होतं, मी एव्हाना आयांच्या भूमिका करायला लागले होते. पडदा उघडला आणि मला स्टेजच्या अगदी खाली एक खुर्ची दिसली, आमच्याकडे पाठ करून ठेवलेली. तीत पांढऱ्या केसांचं डोकं. अख्खं नाटक ते गृहस्थ आमच्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले. मला खरं सांगायचं तर रागच आला.

खेळ संपल्यावर मी खाली उतरले आणि खुर्चीकडे बोट दाखवून हातानं विचारलं, हे काय?

"तुमचं आता मले नाई भेटत, बाई," ते म्हणाले, पूर्वीपेक्षाही मोठ्यानं. "नुसते तोंडं हालताना दिसते. ते पाहून काय करू? म्हनलं, ज्यायले भेटते त्यायच्याकळे पाहावं." मग त्यांनी मला आमचं नाटक सांगितलं. दारापाशी बसलेली बुढी दोनदा रडली. आमच्या यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. डॉक्टरांना विनोद उशिरा कळतात. "नाटक बम्म झालं, साऱ्यायले आवडलं. पन मदात एका जागी साऱ्यायनं जांभया देल्ल्या. पाटील येऊन भासन देते, ते जागा. तो पार्ट काटून टाका."

पाटलाचं काम हेडमास्तर स्वतः करत, भाषणही त्यांनीच लिहिलेलं. ते दोन दिवस फुगून बसले. पण पुढच्या खेळाला भाषण गाळलं. खुर्ची तशीच, आमच्याकडे पाठ करून. मी पाटलाच्या बायकोचं उत्तर दिलं आणि लोक हसले. मी खाली पाहिलं. खुर्चीतले खांदे स्थिर होते. त्यांनी समोरची तोंडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतली, आणि मग ते खांदे गदगदा हलायला लागले.